कॅम कोणता टाकायचा, मामा?

तुमच्या घरात किंवा वर्गात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असेल, तर हा प्रश्न तुम्हालाही आज ना उद्या येईल. कॅमचा नसेल, दुसऱ्या कशाचा तरी असेल. माझ्याकडे भाचा आला. डिप्लोमाचं दुसरं वर्ष. हातात आजोबांच्या जुन्या बुलेट 350 चा कॅम, खिशात सुट्टीत कमावलेले 14 हजार. इंजिन उघडलं होतं, कारण गाडी पसरणी घाटात दम टाकत होती. रोज पहाटे तो आईला वाईहून पाचगणीला सोडतो, ती तिथं एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. मागे बाई बसलेली, अंधार, वळणं. गाडी ओढली पाहिजे, एवढीच अपेक्षा.

एक्झॉस्टच्या कॅमचं टोक झिजून बसलं होतं आणि टॅपेटच्या पायाला खड्डे पडले होते. म्हणजे कॅम बदलायचाच होता. भाचा म्हणाला, "मामा, बदलायचाच आहे तर रेसचा टाकू ना. मेस्त्री म्हणतोय, सगळे तोच टाकतात." मी लगेच म्हणालो, "काही नको, कंपनीचाच टाक." त्यानं विचारलं, "का?" आणि मी गप्प. पंचवीस वर्षं विज्ञान शिकवतोय, चार स्ट्रोक फळ्यावर काढून हात दुखले, पण या 'का'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वय आणि नातं होतं, त्याच्या जोरावर मी 'नको' म्हटलं होतं. ते मला लागलं. म्हटलं, दोन रविवार दे, बघू.

पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो की पिस्टन खाली जाताना इनलेट व्हॉल्व्ह उघडा, वर येताना बंद. खरं तसं नसतं. समजा, व्हॉल्व्ह पिस्टन अगदी वर पोचायच्या 30 अंश आधी उघडतो आणि तळ सोडल्यावर 60 अंशांनी मिटतो. 30 + 180 + 60, म्हणजे 270 अंश तो उघडा राहतो. भाच्यानं फोनवर दाखवलेला कॅम 45 आणि 75 चा होता. म्हणजे 300.

पिस्टन वर निघाला तरी दार उघडं कशाला ठेवायचं? आपल्या शाळेचं फाटक आठवा. पोरं धावत लोंढ्यानं येत असतील तर घंटेनंतर दोन मिनिटं फाटक उघडं ठेवलं की जास्त पोरं आत येतात. पण रमतगमत येत असतील, तर तेवढ्या वेळात आतली चार बाहेर सटकतात. इंजिन जोरात फिरत असेल तर मिश्रणाला वेग असतो, ते उशिरापर्यंत आत घुसत राहतं. हळू फिरत असेल तर पिस्टन तेच मिश्रण कार्बोरेटरकडे परत ढकलतो. घाटाच्या वळणावर, दुसऱ्या गिअरमध्ये, बुलेट हळूच फिरत असते.

हे मी सांगितलं तर तो मान हलवेल, पण पटणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मोजलं. दोन कोनमापकांची छायाप्रत पुठ्ठ्यावर चिकटवून 360 अंशांचं चाक केलं आणि क्रँकच्या टोकाला बसवलं. तारेचा तुकडा हा काटा. हेड काढलेलंच होतं. सिलिंडरवर लोखंडी पट्टी आडवी टाकून तिच्यात बोल्ट लावला, पिस्टन वर यायच्या आधीच अडेल असा. एका बाजूनं फिरवलं तर 43 अंशांवर अडला, उलट फिरवलं तर 37 वर. भाचा म्हणाला, "चुकलं." मी म्हटलं, "थांब, मधला बिंदू काढ." दोन्हीकडे 40 यायला हवेत, म्हणजे आपला शून्य 3 अंश सरकलाय. माथ्यापाशी क्रँक बराच फिरला तरी पिस्टन जेमतेम हलतो, म्हणून नुसत्या डोळ्यानं माथा सापडत नाही. दुभाजकाचा इतका खरा उपयोग मी वर्गात कधी दाखवला नव्हता.

मग 60 आणि 75 अंशांवर पिस्टन किती वर आला, ते व्हर्नियरच्या दांडीनं पाहिलं. फरक साधारण 10 मिलिमीटर. 90 मिलिमीटरच्या स्ट्रोकमधले 10! म्हणजे मोठ्या कॅमनं दाब सुरूच उशिरा होणार. हळू वेगाला ते भरून काढायचं तर जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन हवा. व्हॉल्व्ह जास्त उचलला जाणार असेल तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे पाहायला हवं. पिस्टन आणि व्हॉल्व्ह आपटत नाहीत ना, तेही. (हे पाहायला पोरांची खेळायची क्ले पिस्टनवर थापतात, हेड बसवून हातानं क्रँक दोनदा फिरवतात आणि क्ले कापून जाडी मोजतात. दोनदा अशासाठी, की क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक होते.) शिवाय कार्बोरेटर, त्याचे जेट, सायलेन्सर. भाचा वहीत लिहीत गेला आणि लिहिता लिहिता त्याचाच चेहरा उतरला. 14 हजार कधीच संपले होते.

मी अजूनही 'नको' म्हटलं नव्हतं. त्यानंच विचारलं, "मग त्या 14 हजारांत काय होईल?" कंपनीचे दोन्ही कॅम, बुलेटमध्ये इनलेट-एक्झॉस्टचे वेगळे असतात. नवीन टॅपेट, कारण झिजलेल्या टॅपेटवर नवा कॅम घासून जातो. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, व्हॉल्व्ह गाइड, सीटचं ग्राइंडिंग. मेस्त्री जरा नाराज झाला. गिअरवरच्या खुणा जुळवून भाच्यानं स्वतः कॅम बसवले आणि पुन्हा चाक लावून अंश तपासले. तेवढ्यासाठी मेस्त्रीला अर्धा दिवस थांबायला लावलं, याची मला थोडी लाज वाटली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. सरळ रस्त्यावर, सगळं जुळवून बसवलेला मोठा कॅम पुढे गेलाच असता. भाचा हे अजून म्हणतो आणि त्यात तो बरोबर आहे.

पहिल्या 500 किलोमीटरनंतर ऑइल बदललं. बहीण अजून पहाटे मागे बसून जाते. परवा फोनवर म्हणाली, "दादा, आता हॅरिसन्स फॉलीच्या खाली उतरायला लावत नाही मला." आधी उतरायला लावायचा, हे मला तेव्हा कळलं.