महिनाअखेरपर्यंतचा पास

३० सप्टेंबर २०२४, सोमवार. पितृपक्ष सरत आला होता, घटस्थापना तीन दिवसांवर होती. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात, दिवसाढवळ्या, बारावीतल्या एका मुलावर कोयत्याचे वार झाले आणि तो गेला. वार करणारेही त्याच कॉलेजातले, त्याच वयाचे. कारण काय, तर महिनाभरापूर्वी गाडीवरून झालेली बाचाबाची.

हे कॉलेज १९६२ सालचं. बारामती-इंदापूरकडच्या किती घरांतली पहिली पदवी तिथून आली असेल. पोरगं फाटकाच्या आत गेलं की आईबाप घोर सोडून रानाच्या कामाला लागायचे. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओळखीच्या घराघरांत एकच फोन चालू होता: ‘पोहोचलास का? कुठं आहेस?’

मला मात्र छळत राहिला तो मधला महिना. त्या महिन्यात गणपती बसले, विसर्जन झालं. तास झाले असतील, जर्नलं तपासली गेली असतील. पोरं रोज एकमेकांसमोर येत असतील. आणि एवढ्या दिवसांत एकाही मोठ्या माणसाच्या कानावर काही घालावं असं कुणा पोराला वाटलं नसेल? वाटलं असेल तर कुणाकडं जायचं, हे त्याला ठाऊक होतं का?

माझी कॉलेजातली मैत्रीण आज असती तर त्या रात्री पहिला फोन तिचाच आला असता. आणि तिनंही हेच विचारलं असतं, कारण सांगण्याची किंमत आमच्यात तिच्याइतकी कुणीच मोजली नव्हती.

आम्ही दोघींनी नव्वदच्या दशकात इंदापूर-बारामती एसटीनं कॉलेज केलं. म्हणजे मी केलं. ती अंथुर्ण्याला चढायची, मी लासुर्ण्याला. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर ती माझ्यासाठी जागा धरून ठेवायची. जागेवर तिची वनस्पतिशास्त्राची फाइल आडवी ठेवलेली असायची. त्या फाइलला कुणी हात लावलेला तिला चालत नसे. आत जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेली पानं असत, प्रत्येकाखाली तिच्या तिरक्या अक्षरात शास्त्रीय नाव, कुळ आणि कुठं सापडलं ती जागा. ‘नीरा डावा कालवा, सणसरजवळ.’ ‘आमचा बांध.’ गाडी बेलवडी, सणसर करत भवानीनगरला आली की कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत घुसायचा. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या आणि पहिला तास हमखास बुडायचा. ती तेवढ्या वेळात खिडकीतून बांधावरची झाडं ओळखत बसायची. तिला एम.एस्सी. करायचं होतं. हे तिनं घरी सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं.

दुसऱ्या वर्षाला असताना स्टँडवर एक मुलगा रोज उभा राहायला लागला. आधी नुसता बघायचा. मग नावानं हाका. मग खिडकीतून चिठ्ठी. आम्ही मुली घोळक्यानं चालायचो, कंडक्टर पुढचे बाक आमच्यासाठी मोकळे करून द्यायचा, ओढणीला सेफ्टी पिना असायच्या. एका संध्याकाळी गाडीत चढताना त्यानं तिचं मनगट धरलं. क्षणभरच. पण धरलं. ती घरी जाऊन मोठ्या भावाशी बोलली. तिला वाटलं, भाऊ उद्या स्टँडवर येईल.

भाऊ आला नाही. भांडण नाही, तक्रार नाही, आरडाओरडा तर मुळीच नाही. सोमवारी गाडी लासुर्ण्याला आली तेव्हा आमच्या बाकावर कुणी तरी आजीबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आठवडाभरानं मी अंथुर्ण्याला उतरले. तिची आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, “बास झालं आता शिक्षण. पोरीच्या जातीचं नाव एकदा चव्हाट्यावर आलं की धुता येत नाही.” ती पलीकडं ज्वारी पाखडत होती. मला बाहेर सोडायला आली तेव्हा हातात तिचा एसटीचा पास होता. फोटो चिकटवलेला, शिक्का मारलेला, महिनाअखेरपर्यंत मुदत असलेला. “पैसे भरलेत गं,” एवढंच बोलली. वैशाखात तिचं लग्न झालं.

तिच्या आईबापांना मी कधी दुष्ट समजले नाही. १९९० च्या मार्चमध्ये उल्हासनगरला परीक्षेच्या वर्गात शिरून एका मुलीला जाळलं होतं. दहावीचा पेपर लिहीत होती ती. ती बातमी आमच्याकडच्या प्रत्येक घरानं वाचली होती. ज्या घरात मुलगी वयात आली होती त्या घरात ती कितीतरी वर्षं कुणी विसरलं नाही. मुलीला वाचवायचा आईबापांना माहीत असलेला एकच उपाय होता, तिला घरात आणणं. तो त्यांनी केला. भ्यायलेल्या माणसांवर काय रागवायचं? पण त्या सोमवारनंतर आमच्या गाडीतल्या कुठल्याच मुलीनं घरी काही सांगितलं नाही. धक्के सहन केले, चिठ्ठ्या फाडून कालव्यात टाकल्या, वाटा बदलल्या. सांगितलं तर कॉलेज जातं, हे आम्ही तिच्या रिकाम्या जागेवरून शिकलो.

मुलांचंही काही वेगळं नव्हतं, हे मला फार उशिरा उमगलं. मुलानं सरांना जाऊन सांगितलं की तो चुगलखोर. घरी सांगितलं की बायकी. मार खाल्ला तर गप्प बसायचं, नाही तर चार पोरं गोळा करून परत मार द्यायचा. तिसरी वाट कुणी दाखवलीच नाही. मुलींना आम्ही घरात कोंडलं आणि मुलांना त्यांच्या खुन्नशीत एकटं सोडलं.

तरी तेव्हा एक गोष्ट मुलांच्या बाजूनं होती, ती म्हणजे एसटीचं वेळापत्रक. कॉलेजात कितीही जुंपली तरी संध्याकाळची गाडी सुटली की भांडण तुटायचं. एक वालचंदनगरकडं, दुसरा माळेगावकडं, तिसरा भिगवणकडं. रात्री गुरांना वैरण टाकायची, विहिरीवरची मोटर चालू करायला जायचं, लाइट असेल तर अभ्यास. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत निम्मा राग उतरलेला असायचा. आता भांडण पोराबरोबर खिशातून घरी येतं. जेवताना येतं, अंथरुणात येतं. कुणी तरी स्टेटस टाकतं, कुणी त्याला उत्तर देतं, न बघितलेली शंभर पोरं बघायला जमतात. माघार घ्यायला रात्रीची आडोशाची जागाच उरली नाही. आणि गाड्यांचं म्हणाल तर २०२१च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला; त्या महिन्यांत आमच्याकडं पोरांच्या हाती ज्या दुचाकी आल्या त्या परत घरात गेल्या नाहीत. अठराच्या आतल्या मुलाला गाडी दिली तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, असं २०१९च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं आहे. पण सातची गाडी आलीच नाही तर पोरगं तासाला कसं पोहोचणार, याचं उत्तर कायद्यात नाही.

कोयत्याबद्दलही बोलायला हवं. आमच्या भागात कोयता हे कष्टाचं हत्यार. दिवाळीनंतर बीड-नगरकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या आवारात कोप्या पडतात. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता, असा मुकादमाचा हिशेब असतो आणि त्याच हिशेबानं उचल दिली जाते. लहानपणी आमच्या गोठ्यात कोयता आढ्याला खोचलेला असायचा, पोरांचा हात पोहोचणार नाही असा. वडील त्याला दगडावर धार लावायचे तेव्हा आम्हाला लांब उभं करायचे. तो कोयता कॉलेजात गेला, आणि त्या आवारात एका आईचं पोर पडलं. सतरा-अठराचं वय. त्याला काय व्हायचं होतं, कुठल्या बाकावर बसायचं होतं, हे मला माहीत असायचं कारण नाही. पण त्याच्याबद्दल विचार करताना मला सारखा तो महिनाभराचा पास दिसतो. पैसे भरलेले, दिवस शिल्लक असलेले.

घटनेनंतर ऑक्टोबरात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामतीत शक्ती अभियान जाहीर केलं. शक्ती बॉक्स, शक्ती नंबर, शक्ती कक्ष, शक्ती नजर, शक्ती भेट. बॉक्स म्हणजे तक्रारपेटी, नाव न लिहिता चिठ्ठी टाकता येईल अशी. शक्ती नजर म्हणजे सोशल मीडियावर हत्यारं मिरवणाऱ्यांवर लक्ष. मला त्यातली पेटी सगळ्यात मोलाची वाटते. कॅमेऱ्यात जे दिसतं ते बहुतेकदा घडून गेल्यावर बघितलं जातं. चिठ्ठी आधी येऊ शकते. पण ती रोज उघडली पाहिजे, वाचणारं माणूस मुलांना तोंडओळखीचं पाहिजे. आणि चिठ्ठी टाकणारी मुलगी दुसऱ्या दिवशीही गाडीत दिसली पाहिजे. नाहीतर ती पेटी आमच्या कालव्यासारखीच, चिठ्ठ्या गिळणारी.

हे असं व्हायला काय लागतं ते मी माझ्या त्या मैत्रिणीकडूनच पाहिलं. लग्न होऊन ती निमगाव केतकीला पानमळ्यात गेली. शेवरी-शेवग्यावर चढवलेले खाऊच्या पानांचे वेल, कायम ओल, कायम सावली. बुडाशी पाणी साचलं की वेलांना मर लागते, हे तिनं सासऱ्यांना पटवून दिलं. पदवी नव्हती, पण गावातले लोक पान पिवळं पडलं की तिला दाखवायला आणायचे. मुलगी बारावी झाली तेव्हा बारामतीलाच बी.एस्सी.ला घालायचं म्हणून ती अडून बसली. आणि पहिल्याच दिवशी पोरीला बजावलं, “कुणी काही बोललं, केलं, तर आधी मला सांगायचं. काहीही झालं तरी तुझं कॉलेज बंद होणार नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते.”

दुसऱ्या वर्षाला पोरीनं सांगितलं. गाडीतलाच मुलगा, तेच सगळं, शिवाय फोनवर रात्री-अपरात्री मेसेज. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेकीबरोबर गाडीत बसली. तेव्हा बायकांना अर्धं तिकीट नव्हतं. ते २०२३ साली आलं, तिला ते बघायला मिळालं नाही. पूर्ण तिकीट काढून ती बरेच दिवस गेली-आली. कंडक्टरशी बोलली, त्या मुलाच्या कॉलेजातल्या एका मॅडमना भेटली. मॅडमनी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं. बाप शेतकरीच, मान खाली घालून बसला होता म्हणे. हिनं त्याला सांगितलं, “पोराचं कॉलेज काढू नका. त्याला समोर बसवून विचारा, रात्री झोप का येत नाही त्याला.” पोरीचा एक दिवस बुडाला नाही. त्या मुलाचंही शिक्षण सुटलं नाही.

हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाज पूर्वीसारखा खणखणीत होता. लेकीचे तास संपेपर्यंत दिवसभर काय करायचीस, असं मी विचारलं. म्हणाली, “पहिले दोन दिवस कट्ट्यावर बसले. मग मॅडमना विचारलं, लॅब बघू का? वाळवलेल्या झाडांच्या फायली काढून दिल्या गं त्यांनी. दोन ठिकाणी नावं चुकलेली होती. दुरुस्त करून आले.”