वाण

लहानपणी हा शब्द मला माझ्याच अंगावर भेटला. "आजीचा वाण घेतलाय पोरीनं," आत्या म्हणायची. वाण म्हणजे रंग, माझा सावळा. पुढे तो किराणाच्या वाणसामानात दिसला, संक्रांतीला आईच्या सुगडात दिसला: हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाचं कांडं, गव्हाची ओंबी. रानात पिकलेलंच सुवासिनीच्या ओटीत पडायचं. दुष्काळात पाण्याची वाण पडायची. रंगाचा तो वाण, दानाचं ते वाण, उणिवेची ती वाण. तिन्ही लिंगांत हा शब्द नांदतो.

जालन्यात मात्र वाण म्हटलं की बियाणंच. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी काढली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जालना बियाण्यांचं गाव झालं. संकरित वाणांनी उतारा वाढला, घरं उभी राहिली, हे मान्यच करायला हवं. पण संकरित पिकाचं बी ठेवून पुन्हा पेरलं तर ते गुण टिकत नाहीत. म्हणून दर मृगाला नवी पिशवी, नवा खर्च.

आजी मळणीआधीच ज्वारीची भरदार कणसं वेगळी काढायची आणि आढ्याला टांगायची. तुरीचं बी राखेत घोळवून मडक्यात भरायची, तोंड शेणमातीनं लिंपायची. पेरणीच्या वेळी कुणी मागायला आलं तर मडकं फोडून आधी त्याला मापून द्यायची. बियाण्याचा वाण आणि संक्रांतीचं वाण तिच्या लेखी एकच होतं, कारण दोन्ही दुसऱ्याच्या पदरात घालायची असत.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं तिची ही रीत हक्क म्हणून मान्य केली आहे. शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी ठेवता, पेरता, वाटता, विकताही येतं. फक्त ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. स्वतः जपलेल्या वाणाची नोंदही करता येते. आपल्या जिल्ह्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते कुणीतरी पिढ्यानपिढ्या बी राखलं म्हणूनच.

बायांनो, येत्या संक्रांतीला प्लॅस्टिकच्या डब्या आणण्याआधी घरातली मडकी बघा. गावरान ज्वारीचं, तुरीचं, वाल-भोपळ्याचं मूठभर बी निघालं, तर त्याच्या पुड्या बांधा, वर नाव लिहा आणि तेच वाण द्या.