दारं धरायची बॅटरी

३ डिसेंबर, लासुर्णे
या पाळीला शेतीची लाईट रात्रीची. साडेदहाला मोटर चालू केली, उसाच्या तीन सऱ्या भिजल्या आणि बॅटरी गेली. (आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल, दुकानदाराशी निम्मी वादावादी इथंच होते.) दिवाळीतच घेतलेली. सेलवर ९९०० एमएएच छापलंय. पुढची दारं मोबाईल दातात धरून मोडली.

५ डिसेंबर
वाण्याच्या काट्यावर तो सेल ठेवला. २९ ग्रॅम. माप १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. या मापाचा खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्यात फार तर साडेतीन-चार हजार एमएएच मावतात. वाणी म्हणाला, "गुळात खडे ऐकले होते, हा निघाला पोकळ गूळ."

८ डिसेंबर, बारामती
एसटीनं जंक्शन, भवानीनगर करत आलो. कारखान्यापाशी उसाच्या गाड्यांनी अर्धा तास खाल्ला. दुकानातला पोरगा प्रत्येक बॅटरी फुल्ल उजेडावर भिंतीवर मारून दाखवायचा. मला बघायचा होता सगळ्यात बारीक उजेड. म्हटलं, "दादा, शटर निम्मं ओढ की."

पहिली दाबली की थेट फुल्ल, मग मध्यम, मग वरातीतली लुकलुक, शेवटी बारीक. बांध फुटलेला असताना एवढं कोण सोसणार? दुसरी खालून वर चढणारी: १, ३०, २००, १००० ल्युमेन. चौपट उजेड डोळ्याला जेमतेम दुप्पट वाटतो, म्हणून पायऱ्या अशा लांबलांबच हव्यात. बटण शेपटीला, टोपीला अडकवायला क्लिप. साडेचौदाशे. घरी नऊशे सांगितले.

१२ डिसेंबर
रात्रीचे पावणेदोन. नीरा डाव्या कालव्याकडून धुकं उतरलेलं. हजारावर टाकली तर समोर पांढरी भिंत, आपलाच उजेड आपल्या अंगावर. तीसवर आणून कमरेशी धरली, तेव्हा बांध दिसला. नंतर धुकं जरा विरल्यावर डोळ्याशेजारी धरली तर ओल्या ढेकळांवर हिरवट ठिणग्या: कोळीकिड्यांचे डोळे. घोणस अशी चमकून सांगत नाही, पाचटात ती पाचटच होऊन पडते. तिच्यासाठी पायापुढं दोन हात पसरट उजेड हवा, लांबचा झोत काय कामाचा?

बिबट्याच्या बातम्या आल्यापासून मात्र जो तो लांब मारणारीच मागतो. मीही उसाच्या कडेनं एकदा हजार फिरवतो आणि लगेच तीसवर येतो. हजारावर जास्त वेळ ठेवली तर डोकं तापतं, उजेड आपोआप उतरतो.

१३ डिसेंबर
आबांनी काल बॅटरी उलटसुलट करून पाहिली. त्यांची जुनी तीन सेलची, हातभर. "आमचीला एकच उजेड, चुकायचं कामच नव्हतं," म्हणाले.

पहाटे शेतातून आलो. झोपताना उशाशी ठेवलेली बॅटरी उठलो तेव्हा जागेवर नव्हती. गोठ्यात गेलो तर काजव्याएवढा उजेड. गाय व्यालेली, आबा वासराचं नाक पुसत होते, बॅटरी क्लिपनं दाव्याला अडकवलेली. एकवर. गाय बुजलेली नव्हती. ही कधी लावायला शिकले, विचारलं नाही.

आज रात्री पुन्हा पाणी आहे. बॅटरी आबांच्या कोपरीत. मोबाईल चार्जिंगला लावलाय.