रोटरीच्या चाकातली खाच

न्यूझीलंडमधल्या बऱ्याच छोट्या गावांत शिरताना वेशीवर एक पाटी दिसते. गावाचं नाव, आणि त्याखाली रोटरी, लायन्स अशा क्लबांची गोल गोल चिन्हं. आपल्याकडे रोटरी म्हटलं की गावातले डॉक्टर-वकील, हॉटेलातलं जेवण आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो! निदान आमच्या गावात तरी तसंच होतं. इथे वायकाटोत आल्यावर एक सहकारी मला पाहुणा म्हणून घेऊन गेला आणि पुढे मी सभासदच झालो. त्या क्लबाविषयी आज थोडं.

आमची सभा मंगळवारी संध्याकाळी सहाला. सहा म्हणजे सहा. अध्यक्ष घंटा वाजवतात. पहिला विषय 'अपॉलॉजीज', म्हणजे आज कोण येणार नाही आणि तसं कुणी कळवलंय. न येणाऱ्याची अशी रीतसर नोंद होते, हे पाहून मला मोठी गंमत वाटली. मग जेवण. रोस्ट मटण, वाटाणे, बटाटे (शाकाहाऱ्याला बटाटे जास्त!). नंतर पाहुण्याचं वीस मिनिटांचं भाषण. एका आठवड्यात मधमाश्या पाळणारा, तर दुसऱ्या आठवड्यात गटारांच्या पाइपांवर तळमळीने बोलणारा नगरपालिकेचा इंजिनिअर.

शेवटी सार्जंट उठतो आणि दंडवसुली सुरू होते. पेपरात नाव आलं, दंड. नवी गाडी घेतली, दंड. २०१९च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात न्यूझीलंडने भारताला हरवलं तेव्हा मला दोन डॉलर दंड, 'चेहरा पाडून बसल्याबद्दल'. २०२५ला चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल आपण जिंकलो तेव्हा पुन्हा दोन डॉलर, 'हसल्याबद्दल'. एक आणि दोन डॉलरची नाणी इथे सोनेरी असतात, म्हणून त्यांना 'गोल्ड कॉइन' म्हणतात. ती डब्यात पडतात आणि डबा क्लबाच्या कामाला जातो.

आणि हे काम म्हणजे काय? शनिवारी सकाळी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजून विकायचे. पावाच्या स्लाइसवर सॉसेज, परतलेला कांदा, वर टोमॅटो सॉस. कांदा चिरायचं खातं माझ्याकडे आहे. शिवाय ओढ्याकाठी झाडं लावायची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, वर्षातून एकदा जुन्या पुस्तकांची विक्री करायची.

इंजिनिअरचं डोकं, मी हिशोब मांडला. सहा माणसं, पाच तास, गॅस, पाव, सॉसेज... खर्च जाऊन जे उरतं तेवढ्याचा चेक सहा जणांनी घरबसल्या दिला असता. तव्यावरचं तेल खरवडणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "चेक दिला असतास, तर मला तुझं नावसुद्धा कळलं नसतं." आणि पुन्हा खरवडायला लागले.

तरीही अशा सुट्ट्या नाण्यांतून काय उभं राहतं, हे बघायला मागे जावं लागतं. पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली शिकागोत रोटरी सुरू केली. १९२१ मध्ये जेम्स डेव्हिडसन आणि लेटन राल्स्टन हे दोन कॅनेडियन इकडे आले आणि वेलिंग्टन व ऑकलंडला क्लब निघाले. तेव्हा या देशात पोलिओच्या साथी येत. १९१६ला एक मोठी येऊन गेली होती, १९२५ला दुसरी आली. त्यातून पांगळ्या झालेल्या आणि इतर अपंग मुलांसाठी १९३५ साली रोटरीच्या पुढाकाराने 'क्रिपल्ड चिल्ड्रेन सोसायटी' स्थापन झाली. ती संस्था आज 'सीसीएस डिसॅबिलिटी अ‍ॅक्शन' या नावाने चालू आहे. पुढे १९८५ मध्ये रोटरीने जगभरातून पोलिओ घालवायचा विडा उचलला. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले, ते आठवतात ना? बोटाला शाई लावलेली पोरं! त्या बूथांवर राबणाऱ्यांत रोटरीचे लोकही होते. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ला आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्या डब्यातली काही नाणी अजूनही पोलिओनिधीत जातात, कारण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून उरलाय.

पण डबा फिरवणारे हात थकलेत. आमच्या क्लबात साठीच्या आतले मोजून चार. शेजारच्या गावचा क्लब माणसांअभावी बंद झाला. गावात मराठी घरं तीसेक आहेत, क्लबात मी एकटा. आपली मंडळी आळशी मुळीच नाहीत! गणपतीत दीडशे पानं उठवतात, वर्गणी गोळा करतात, हिशोब पैशापैशाचा ठेवतात. म्हणजे क्लबाला जे लागतं ते सगळं आपण लहानपणापासून शिकलोय. फक्त ते आपल्या हॉलच्या दाराशी थांबतं. ज्या गावात आपली मुलं वाढतात, त्या गावाला आपण कर भरणारे शेजारी म्हणूनच माहीत.

रोटरीच्या चिन्हात चोवीस दात्यांचं, सहा आऱ्यांचं चाक आहे. सुरुवातीला त्याच्या मध्यभागी नुसतं गोल भोक होतं. काही इंजिनिअरांनी हरकत घेतली, की असं चाक शाफ्टवर नुसतं गरगरेल, काम करणार नाही. मग १९२०च्या दशकात त्यात की-वे, म्हणजे की बसवायची खाच आली. परदेशात घर, नोकरी, गाडी सगळं असतं, आपण फिरतही असतो जोरात. खाच मात्र आपली आपणच पाडून घ्यावी लागते.

असो. पुढच्या शनिवारी पुस्तकांची विक्री आहे आणि खोकी जड आहेत. मराठी मंडळाच्या दोघांनी यायचं कबूल केलंय. त्यांना साडेआठची वेळ दिलीय. साडेआठ म्हणजे साडेआठ, हेही बजावून सांगितलंय!