दिव्याची पकड

उसाच्या हंगामात परभणीहून मानवत-पाथरीकडे रात्री गाडी नेणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. अंधारात पुढे बैलगाडी असणारच. मागे लाल काच नाही, कंदील असला तर असला. उसाच्या थप्पीवर नाहीतर जुवाजवळ तोडकऱ्याचं अख्खं कुटुंब बसलेलं असतं, त्यात एखादं झोपलेलं लेकरूही. ती गाडी आपल्याला दिसते की नाही, हे आपल्या दिव्यावर आहे. समोरच्या ट्रकवाल्याला ती दिसते की नाही, हेही बऱ्याचदा आपल्याच दिव्यावर असतं. त्याचे डोळे आपण दिपवले तर त्याला काय दिसणार?

आमच्या घरी अब्बांची जुनी जीप आहे, महिंद्राची सीजे-थ्री-बी. तिचा उजवा दिवा थरथरू लागला होता. खड्डा आला की उजेड झाडाच्या शेंड्यावर, पुढच्या खड्ड्यात तो चाकाशी. भाच्याने लगेच उपाय सांगितला, ‘‘मामू, एलईडी लगा डालते. दिन जैसा उजाला.’’ गॅरेजवाल्या चाचांनी दिवा हाताने हलवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘बत्ती में खराबी नै भाई. बत्ती को पकडनेवाला घिस गया.’’

सात इंची गोल दिव्याची रचना साधी असते. जाळीमागे पत्र्याची वाटी, वाटीत एक कडं, कड्यात दिवा. कडं वाटीला घट्ट जखडलेलं नसतं. एका बाजूने स्प्रिंग त्याला ओढून धरते आणि दोन स्क्रू त्याला जागेवर ठेवतात. वरचा स्क्रू उजेड वर-खाली करतो, बाजूचा डावी-उजवीकडे. वर्षानुवर्षं हादरे खाऊन स्क्रूच्या खाचा रुंदावतात, स्प्रिंग सैल पडते, पावसाचं पाणी वाटीच्या काठाला गंज आणतं. मग बल्ब कितीही महागाचा घाला, उजेड थरथरणारच. उलट प्रखर बल्ब त्या सैल कड्यात बसवला, तर समोरच्याची वाईट अवस्था. दिवा फक्त एक अंश वर उचलला गेला, तर शंभर मीटरवर उजेड जवळपास पावणेदोन मीटर वर जातो. म्हणजे थेट माणसाच्या डोळ्यांत.

चाचांनी गंजलेल्या स्क्रूंवर डिझेल सोडलं आणि चहा मागवला. घाई केली की स्क्रूचं डोकं तुटतं, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. मग कडं काढलं, वाटीचा कुजलेला काठ कापला, पत्र्याचा तुकडा पितळेच्या झाळेने जोडला, कानशीने सारखा केला. खाचा भरून नव्याने भोक पाडलं. लाल रंगाचा हात, नवी स्प्रिंग, जुन्या ट्यूबचं रबर कापून केलेली चकती. दिव्याची अर्थिंगची तारही खरवडून पुन्हा कसली, कारण तिथे गंज धरला की चांगला दिवाही पिवळट पडतो.

मगरिबनंतर जीप सपाट जागेवर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढली. डिपरचा उजेड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली आणि किंचित डावीकडे झुकलेला हवा, कारण आपण डावीकडून चालतो. परदेशातल्या उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी बनलेला दिवा इथे लावला, तर त्याचा झोत नेमका समोरून येणाऱ्याकडे वळतो. ऑनलाइन मागवताना हे कोण बघतं?

या जीपच्या कंपनीची गोष्टही आपल्याला जवळची आहे. 1945 मध्ये ती सुरू झाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीच्या नावातून ‘मोहम्मद’ गेलं. त्याच साली सप्टेंबरात परभणीतली निजामी संपली. नावं पाटीवरून जातात. हात मात्र कामावरच राहिले. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही दिसतं की मोटार दुरुस्तीसारख्या व्यवसायांत मुसलमानांचं प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. याला कुणी हुनर म्हणतं, कुणी मजबुरी. मला दोन्ही खरं वाटतं. ज्या पोराला शाळेची फी परवडली नाही, तो उस्तादाच्या हाताखाली पाने पुसत मोठा झाला आणि लोकांची वाहनं रस्त्यावर ठेवत राहिला.

चाचांकडे आज शिकणारं पोरगं नाही. त्यांची मुलं शिकली, एक पुण्यात आहे, आणि याचा त्यांना आनंदच आहे. मलाही आहे. हुनर टिकावा म्हणून कुणाच्या पोराने गरीब राहावं, असं कसं म्हणायचं? पण पितळेची झाळ देणारा हात थांबला की उरतो तो ‘नवीन टाका’ म्हणणारा काउंटर. या जुन्या मॉडेलची मूळ वाटी तर त्या काउंटरवर सहज मिळतही नाही. आयटीआयच्या पोरांनी अशा उस्तादांकडे दोन-तीन महिने काढावेत, आणि त्याचे पैसे उस्तादालाही मिळावेत, एवढी साधी सोय झाली तरी पुष्कळ आहे.

तोवर एक काम आपल्यालाही जमेल. गाडी कोणतीही असो, आज रात्री भिंतीसमोर उभी करा, खडूची रेघ ओढा, डिपर लावून बघा. मग बोनेटवर हलकी थाप मारा. उजेड हलला तर बल्ब बदलायला धावू नका. आधी त्याची पकड तपासा. समोरून कुणीतरी उसाच्या गाडीवर लेकरू घेऊन येत असेल.