बावट्याला घर हवं

चि. सोन्या,


तू मागितलीस चार पुस्तकांची नावं. ती फोनवर सांगेन. पण सोबत जोडलेलं व्याख्यानाचं टिपण वाचलं आणि मन ठिकाणावर राहिलं नाही. ‘गिरण्या संपल्या, डावेही संपले.’ हे तू लिहावंस? आपल्या घरात वाढलेल्या मुलानं? माझी ताई असती तर त्या रात्री जेवली नसती.

आकडे चोख दिलेस. २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे संपत्तीचा ४०.१ टक्के आणि उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता. मग इतक्या विषमतेत डावे का वाढत नाहीत, हा तुझा प्रश्नही रास्त. उत्तर मात्र तू मुंबईच्या १९८२ च्या संपात शोधतोस आणि तिथंच थांबतोस. अडीच लाख गिरणी कामगारांचा तो संप बुडाला हे खरं. पण त्याचे नेते दत्ता सामंत कम्युनिस्ट नव्हते, एवढं तरी नोंदव. आणि गिरणगावावरची डाव्यांची पकड त्याआधीच सुटली होती. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, आणि त्यांच्याच जागेवरून शिवसेनेचे वामनराव महाडिक आमदार झाले. त्या निकालानं मोठ्यांचे उतरलेले चेहरे मी पाहिलेत.

तुला माझं म्हणणं पाठ असेल, तरी पुन्हा ऐक. युनियन गिरणीच्या गेटवर भक्कम होती. पाळी सुटली की कामगार चाळीत जायचा, आणि तिथं त्याची वाट पाहत जात असायची, सासर-माहेर असायचं, वाण्याची उधारी असायची. गिरणीच्या आतही जात होतीच. साचाखात्यात धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून तिथं अस्पृश्यांना मज्जाव. त्या खात्यात पगार जास्त! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा आपल्या कम्युनिस्टांनी तो दुय्यम मानला. त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. जेव्हा एकत्र आलो तेव्हा काय झालं, तेही आठव. ७ नोव्हेंबर १९३८. औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एका संपात उतरले. तुझ्या टिपणात ही तारीख नाही. का नाही?

टिपणात बायकाही नाहीत. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका कामगारांना जेवू घालत आणि सावकाराच्या व्याजात बुडत. त्यांना कामगार म्हणायला कोणी तयार नव्हतं. कम्युनिस्ट कार्यकर्त्या प्रेमा पुरव त्यांच्या चुलीपर्यंत गेल्या, १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची दारं उघडून दिली. गिरण्यांचे भोंगे बंद झाले, तरी ते मंडळ टिकलं.

आणि तलासरी-डहाणू? गोदावरी परुळेकर १९४५ मध्ये वारली आदिवासींच्या पाड्यांवर राहिल्या. वेठ मोडली, लग्नगडी मोडली. लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोनं जमीनदाराकडे जन्मभर राबायचं, ही रीत मोडणं म्हणजे घरातच शिरणं होतं. म्हणून डहाणूनं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये लाल बावट्याचा आमदार दिला. म्हणूनच मार्च २०१८ मध्ये वनजमिनीचे हक्क मागत हजारो आदिवासी नाशिकहून चालत मुंबईला आले, आणि दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्री चालून काढली. हे संपलेल्यांचं लक्षण आहे का रे?

आता आजचं बघ. आरोग्याचं काम करणारी आशा ताई दारोदार फिरते, तिला पगार नाही, मोबदला मिळतो. सरकार तिला स्वयंसेविका म्हणतं. मोटरसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या पोराला साहेबच दिसत नाही, मोबाइलवर हुकूम येतो. यांना गेटच नाही. यांना गाठायचं तर त्यांच्या वस्तीत, भाड्याच्या खोलीत, रेशनच्या रांगेत गाठावं लागेल, आणि तिथं जातीचा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येईल. तो टाळून पुढं जाता येणार नाही.

माझी काळजी तुझ्या व्याख्यानापुरती नाही. या माणसांच्या मनात राग आहे. आपण गेलो नाही तर तो राग दुसरं कोणीतरी उचलेल आणि शेजारच्याच गरिबावर वळवेल. हे मुंबईनं पाहिलंय, आपल्या गल्लीनं पाहिलंय. वनहक्काचा दावा रात्री बसून भरून देणारे कार्यकर्ते म्हातारे होत चाललेत. त्यांच्या जागी बसायला कोण येणार आहे? तुझ्यासमोर विशीतली मुलं बसतील. त्यांना तू सांगणार, सगळं संपलं, आणि ती निमूट घरी जाणार. हा विचार मला झोपू देत नाही.

टिपण पुन्हा लिही. आणि बोलण्याआधी दोन दिवस तलासरीला जाऊन ये, ऐकून-सवरून बोलशील. कळव काय ठरवलंस ते. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
मावशी