सप्ततीर्थाची वाट आणि पाण्याचा हिशेब

वाचकहो, घरातील ज्येष्ठ व्यक्ती एखाद्या संध्याकाळी सहज म्हणते, "मला एकदा तिथे जाऊन यायचे आहे," आणि त्या 'तिथे'पर्यंत गाडीरस्ता नसतो. अशा वेळी आपण काय उत्तर देता? बहुतेक घरांत ते तयारच असते: "आता या वयात?" संगमनेरात दवाखाना चालवताना गेल्या सत्तावीस वर्षांत मीही हे उत्तर कितीतरी रुग्णांना दिले आहे. गेल्या वर्षी माझ्या ७२ वर्षांच्या आईने "हरिश्चंद्रगडावरच्या सप्ततीर्थाला एकदा पाय लावून येऊ" असे म्हटले, तेव्हाही ते माझ्या ओठांवर आले होते. आईचे माहेर अकोले तालुक्यातले. चौदाव्या वर्षी ती आपल्या आईचे बोट धरून महाशिवरात्रीला पाचनईच्या वाटेने गडावर गेली होती. पुढच्याच वर्षी आजी वारली. आईच्या आठवणीतली आजी त्या कुंडाच्या काठावरच बसलेली आहे. हे ठाऊक असताना "या वयात?" म्हणणे मला जमले नाही.

ज्यांनी गड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. आपल्या सह्याद्रीत हिमालयासारखी हिमनद्यांनी कोरलेली सरोवरे नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा काळा पाषाण. त्याच्या माथ्यावर जे पाणी टिकते ते माणसाने खोदलेल्या टाक्यांत आणि बांधलेल्या कुंडांत. हरिश्चंद्रगडाची उंची सुमारे १४२४ मीटर. माथ्यावरील हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळ सप्ततीर्थ नावाची दगडी पुष्करणी आहे. तिच्या काठावर देवळ्यांसारख्या कोनाड्यांची रांग आहे. जवळच केदारेश्वराची गुहा असून तेथील शिवलिंगाभोवती कमरेइतके थंडगार पाणी असते. गुहेच्या चार खांबांपैकी आता एकच उभा आहे. चांगदेवांनी शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ मध्ये, 'तत्त्वसार' हा ग्रंथ याच गडावर लिहिला. हा सारा परिसर १९८६ पासून कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो.

गडावर जाण्याच्या वाटा अनेक. नळीची वाट कसलेल्या गिर्यारोहकांची, खिरेश्वरहून तोलारखिंडीची वाट लांब पल्ल्याची, आणि अहिल्यानगर जिल्ह्याच्या बाजूने पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. 'सोपी' हा शब्द मात्र विशीतल्या मुलांचा आहे. धडधाकट तरुणाला दोन-अडीच तास लागतात. सत्तरीच्या पायांना तीच वाट पूर्ण दिवसाची होते, आणि तिचा विचार पूर्ण दिवसाची म्हणूनच करावयास हवा.

एक गैरसमज आधीच दूर करते. दवाखान्यात पुष्कळजण विचारतात, "वर ऑक्सिजन कमी पडेल का?" सह्याद्रीत ती भीती बाळगण्याचे कारण नाही. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो, आणि आपले सर्वांत उंच कळसूबाई शिखरही १६४६ मीटरच आहे. केदारनाथ सुमारे ३५८० मीटरवर आहे, मानसरोवर ४५०० मीटरच्याही वर. तेथील हिशेब निराळा. म्हणूनच सरकारतर्फे होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेस सत्तरीची वयोमर्यादा आणि वैद्यकीय तपासणी आहे. आपल्या गडांवर वृद्धांचा घात होतो तो हवेमुळे नव्हे. तो होतो गुडघ्यांमुळे, घसरणाऱ्या पावलामुळे, आधीपासून असलेल्या पण न तपासलेल्या हृदयविकारामुळे, आणि आणखी एका गोष्टीमुळे, जिच्याकडे मी डॉक्टर असूनही दुर्लक्ष केले. तिच्याकडे पुढे येतेच.

तयारीला आम्ही तीन महिने घेतले. आईला रक्तदाब आहे. दोन गोळ्या चालू आहेत, त्यांतील एकीत लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारा घटक आहे. गुडघे वयाप्रमाणे झिजलेले, मधुमेह नाही. मी तिचा रक्तगट सोडून जवळजवळ सगळे तपासले, असे माझा मुलगा चेष्टेने म्हणतो. हृदयरोगतज्ज्ञांकडून ताण-चाचणी करून घेतली ती मात्र चेष्टा नव्हती. चालताना छातीत दाटून येणे, पूर्वी एखादी चक्कर येऊन पडणे, पायांवर सूज, आटोक्यात नसलेला रक्तदाब, यांतील काहीही असेल तर गडाचा विषय आधी डॉक्टरांपुढे काढावा, आणि त्यांनी नाही म्हटले तर रागावू नये.

मग जिने. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव महत्त्वाचा. चढताना दम लागतो म्हणून आपण थांबतो. उतरताना दम लागत नाही, म्हणून थांबत नाही, आणि मांडीचे स्नायू थकून गेल्यावर सगळा भार गुडघ्यावर येतो. आई आमच्या इमारतीचे तीन मजले रोज दोनदा, पुढे चारदा, काठी घेऊन उतरू लागली. शेजारी विचारत, "लिफ्ट बंद आहे का?" ती म्हणे, "लिफ्ट चालू आहे, मीच बंद पडू नये म्हणून चाललंय." तिसऱ्या महिन्यात ती तीन मजले न थांबता चढून वर माझ्याशी अखंड बोलू शकत होती. चालताना एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येणे, ही श्रम झेपत असल्याची सोपी खूण आहे. नाडीवर फार विसंबू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, आणि घड्याळातला आकडा खोटा धीर देतो.

डिसेंबरातील एका शनिवारी आम्ही राजूरमार्गे पाचनईस मुक्कामी गेलो. आई, मी, माझा मुलगा, आणि गावातील एक पन्नाशीचे गृहस्थ वाटाडे म्हणून. अशा वाटेवर गावचा माणूस सोबत घेण्यात कंजुषी करू नये. वर मोबाइलला भरवशाचा सिग्नल नसतो, १०८ ची रुग्णवाहिका आली तरी पायथ्यापर्यंतच येणार, तेव्हा रुग्णाला खाली आणायचे तर ते काम गावकऱ्यांचेच.

सकाळी साडेसहाला निघालो. सुरुवातीची चढण झाडीतून जाते. नंतर वाट एका प्रचंड कड्याच्या पोटाखालून आडवी जाते. कडा डोक्यावर छपरासारखा पुढे आलेला, दुसऱ्या हाताला ओढ्याची खोल घळ. अवघड जागी लोखंडी कठडे आहेत. आई कठड्याला हात लावायची आणि म्हणायची, "आमच्या वेळी हे नव्हतं, आईचा पदर होता." दर वीस मिनिटांनी आम्ही पाच मिनिटे थांबत होतो, दमल्यावर नव्हे तर घड्याळ पाहून. प्रत्येक थांब्यावर मी विचारत असे, "आई, पाणी प्यालीस?" ती म्हणे, "हो." मी समाधानाने पुढे चालू लागे.

सव्वादहाला मंदिर दिसले. आई कुणाशी न बोलता थेट सप्ततीर्थाकडे गेली, काठावर बसली आणि ओंजळीतले पाणी डोळ्यांना लावले. ते पाणी आता पिण्याजोगे राहिलेले नाही. हे मी सांगण्यापूर्वीच तिने ओंजळ परत कुंडात सोडली होती. बराच वेळ ती तेथे बसून होती. आम्ही तिघे लांब उभे राहिलो.

केदारेश्वराच्या गुहेत मात्र आमचे वाजले. पाण्यात उतरून लिंगास प्रदक्षिणा घालण्याची रीत आहे, आणि आईने साडी खोचायला सुरुवात केली. चढून तापलेले शरीर एकदम कमरेइतक्या गार पाण्यात गेले की रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब उसळतो, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. त्यात तळ गुळगुळीत. मी नाही म्हटले. ती रुसली. अखेर नातवाने तिच्या नावाने प्रदक्षिणा घातली आणि दात वाजवीत बाहेर आला, तेव्हा ती हसली. कोकणकड्याचा बेत आम्ही घरीच रद्द केला होता. जाऊन-येऊन लागणारी ती शक्ती उतरणीसाठी राखायची होती. १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात कर्नल साइक्स यांनी या गडावरून पाहिलेल्या, धुक्यातल्या गोल इंद्रधनुष्याचे वर्णन केले आहे. ते पाहण्याचा माझा मोह पुन्हा कधीतरी.

गडावरच्या झोपडीत पिठलं-भाकरी खाल्ली आणि साडेबाराला उतरू लागलो. दीडच्या सुमारास कड्याच्या पोटाखाली सावलीत बसलो. पंधरा मिनिटांनी आई उठली, एक पाऊल टाकले आणि कठड्याला धरून तशीच थांबली. "डोळ्यांपुढे अंधारी येते गं." चेहरा पांढरा, कपाळावर गार घाम. मुलाने आणि वाटाड्यांनी तिला आत, भिंतीच्या बाजूला घेतले, आडवे केले, पाय पिशवीवर उंच ठेवले. छातीत दुखते का, हात भरून येतो का, बोलताना जीभ अडखळते का, मी एकेक विचारत गेले. सगळ्याला नाही. यंत्रात रक्तदाब ९६/५८. एरवी तिचा १३० च्या आसपास असतो. जीभ पाहिली, कोरडी ठणठणीत. मग पिशवीतली तिची बाटली काढली. सकाळी सहाला भरलेल्या लिटरभर पाण्यातले फार तर दोन घोट गेले असतील.

"आई, तू हो म्हणत होतीस ना?"

ती डोळे मिटूनच म्हणाली, "अगं, पाणी प्यायलं की जायला लागतं. वाटेत बायामाणसानं जायचं कुठं?"

वाचकहो, मी सत्तावीस वर्षांची डॉक्टर. या उत्तरावर माझ्याकडे बोलायला काही नव्हते. मी तिचे हृदय तपासले, गुडघे तपासले, बूट दोनदा बदलून आणले. लघवीला ती कोठे जाणार याचा विचार मात्र एकदाही केला नव्हता. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते, थंडीत ती आणखी कमी होते. त्यात सकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी. वर भरपेट जेवण, ज्यानंतर रक्त पोटाकडे वळते. आणि बसल्यावरून झटकन उठणे. चारही गोष्टी एका जागी आल्या, आणि ती जागा घळीच्या काठावर होती.

एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट विरघळवून मी दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-दोन चमचे, मग घोट-घोट पाजले. वाटाडे म्हणाले, "ताई, गावातून पोरं बोलावतो, डोली करू." आईने डोळे उघडले, "मी चालत येणार." मी म्हटले, पाऊण तासाने रक्तदाब पाहू, तो ठरवील. पाऊण तासाने आडवे असताना ११८ झाला. उभे करून तीन मिनिटांनी मोजला तेव्हा ११२. उठल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक घसरला असता तर मी डोली मागवणारच होते. मग एक माणूस पुढे, एक मागे, मधे आई, दहा-दहा मिनिटांनी थांबा, असे उतरलो. ती वाट मी जन्मभर विसरणार नाही.

आपल्या घरचे वडीलधारे गडावर जाणार नसतील कदाचित, पण लग्नाला, एसटीने लांबच्या गावी, दवाखान्यातल्या रांगेत जातच असतील. तेथेही ते हेच करतात, पाणी पीत नाहीत, आणि विचारले तर "प्यायलो" म्हणतात. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबाही यात आले. म्हणून "पाणी प्यायलात का?" हा प्रश्न मी आता विचारत नाही. बाटली पाहते, आणि "शेवटचे लघवीला कधी गेला होतात?" हे सरळ विचारते. पाच-सहा तास होऊन गेले असतील किंवा रंग गडद असेल तर काहीतरी चुकते आहे. निघण्यापूर्वीच थांबे ठरवावेत. आडोशासाठी छत्री आणि जुनी साडी सोबत ठेवावी, सोबत एक बाई असावी, आणि तिने आधी स्वतः जाऊन यावे, म्हणजे संकोच कमी होतो. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी केव्हा घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नये. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, त्यांनी ओआरएससुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये.

पावणेपाचला पाचनईस पोहोचलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी चहा दिला, आईने दोन कप घेतले आणि वर तांब्याभर पाणी. गाडीत बसल्यावर मी आरशातून सारखी तिच्याकडे पाहत होते. ती झोपली होती की डोळे मिटून बसली होती, कळत नव्हते. राजूर जवळ आले तेव्हा मागून आवाज आला, "गाडी थांबव गं कुठंतरी, मला जायचंय." मुलाने माझ्याकडे पाहिले, कारण मी गाडी थांबवण्याआधीच मोठ्याने हसू लागले होते.